साळुंकी छाप मेतकूट

एका गावात एक मेतकूटवाली होती. मेतकूट करावं तर तिनंच! डाळ, तांदूळ, गहू, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजायची. घाई म्हणून करायची नाही. पाकिटावर तिनं स्वतःच्या हातानं काढलेली साळुंकी असायची. सुनेनं मोबाईलवरच्या बाजारात दुकान उघडून दिलं, तेव्हा परगावची माणसंसुद्धा "साळुंकीचंच पाठवा" म्हणू लागली.

सून म्हणाली, "अहो आई, साळुंकीचा ट्रेडमार्क करून घेऊ या. आपल्या नावावर नोंद झाली की कुणी सहजासहजी हात लावणार नाही."

"अगं, माझी साळुंकी ती माझीच की! सगळ्या गावाला ठाऊक आहे. कागद कशाला हवाय?"

आता गावाला ठाऊक असून काय उपयोग? बाजार भरलाय जगाचा! पण हिला कोण सांगणार? सून बिचारी सांगून सांगून थकली.

एक दिवस सुनेनं मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. दुसऱ्याच एका दुकानात साळुंकी छाप मेतकूट, तेही निम्म्या किमतीत. चित्र तेच, पाकीट तेच. फोटोत कढई ढवळणारा हातसुद्धा मेतकूटवालीचाच, हिरव्या बांगड्यांसकट! आणि दुकान कुणाचं? तिच्या विहीणबाईंचं. तिची लेक ज्या घरात दिली होती, त्याच घरचं. त्यांची पिठाची गिरणी होती. डाळीच्या पिठात हळद-हिंग कालवलं की झालं यांचं मेतकूट.

मेतकूटवालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आत्ताच्या आत्ता तक्रार करते," सून म्हणाली. "तुमचे फोटो चोरलेत, बाजारवाले काढून टाकतील सगळं."

"नको गं बाई! लेक आहे माझी त्या घरात. विहिणीशी वाकडं घेतलं तर टोमणे तिलाच ऐकावे लागतील. राहू दे. चार पाकिटं विकतील नि गप्प बसतील."

गप्प बसतात होय! फुकटचं मिळालेलं आजवर कुणी सोडलंय का? विहीणबाईंनी पाकिटांचा सपाटाच लावला, साळुंकीचे व्हिडिओ टाकले आणि साळुंकी स्वतःच्या नावावर नोंदवूनही घेतली. इकडे लोक शिव्या घालत होते त्या मेतकूटवालीला. "हे मेतकूट की भज्यांचं पीठ?" ती एकेकाला उत्तर देत बसायची, "अहो, ते आमचं नव्हे." ऐकतंय कोण!

शेवटी विहीणबाईंनीच बाजाराकडे तक्रार केली, ही बाई आमची साळुंकी वापरते म्हणून. बाजारवाल्यांनी नोंद बघितली आणि मेतकूटवालीचं दुकान बंद केलं. घ्या!

वकील म्हणाला, "भांडता येईल. तुमच्या जुन्या विक्रीचे पुरावे आहेत. पण वर्षं जातील." एवढं ऐकून ती तडक विहिणीचं घर गाठती झाली.

"विहीणबाई, अहो, साळुंकी माझी ना?"

"तुमची होती तर इतके दिवस बोलला का नाहीत?" विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुमची काही हरकत नाही."

मेतकूटवाली परत निघाली, तशी लेक मागोमाग दारापर्यंत आली. हात पिठानं माखलेले.

"बाळे, तुझ्यासाठीच गप्प बसले गं मी," मेतकूटवाली म्हणाली.

"माझ्यासाठी?" लेकीचे डोळे भरून आले. "आई, ती पाकिटं रोज मलाच भरायला लावतात. वर तुझं चित्र, आत हे पीठ. तू एकदा बोलली असतीस, तर मलाही नाही म्हणता आलं असतं."

मेतकूटवाली घरी आली ती थेट सुनेपुढे उभी राहिली. "चल वकिलाकडे," म्हणाली. "जाऊ देत वर्षं गेली तर."

तात्पर्य: आपल्या कष्टाची खूण वेळेवर आपल्या नावावर करावी, आणि कुणी उचलली तर पहिल्याच दिवशी बोलावं. भीड ही भिकेची बहीण. सोयरिकीतली भीड तर सख्खी बहीण.