जालीम औषधांची किल्ली

"मग सर, कुलूप असूनही औषधांचं कपाट रिकामं होतंय कसं?"

शिकलगार सर कढीपत्त्याची वाळकी पानं खुडत राहिले. वीस वर्षं त्यांनी ज्या रुग्णालयाचा गाडा हाकला, त्याच्या प्रमुखपदी सहा महिन्यांपूर्वी डॉक्टर इरावती बसली होती. आज ती सरांच्या अंगणात आली होती, सोबत चार वर्षांची लेक, रेवा. सारखं नाक ओढत.

"जालीम अँटिबायोटिक्स मी कुलपात ठेवली. किल्ली माझ्या पर्समध्ये. माझ्या सहीशिवाय एक इंजेक्शन हलत नाही!"

"मग सह्या कुणाच्या?"

"...माझ्याच."

"हं."

"डॉक्टर फाइल घेऊन येतात, सर. म्हणतात, मॅडम, काही बरंवाईट झालं तर? मग माझाच हात..."

सरांनी आणखी एक पान खुडलं.

"वॉर्डात दोन महिन्यांचं बाळ आहे," इरावतीचा आवाज उतरला. "जंतू इतके सरावलेत, की एकही औषध लागू पडत नाही. त्याची आई माझ्याकडे बघते, आणि मी भिंतीवरच्या नियमांकडे. उद्या सगळ्या डॉक्टरांची बैठक घेतलीय. काय सांगू त्यांना?"

रेवा शिंकली.

इरावतीचा हात आपसूक पर्समध्ये गेला. गुलाबी अँटिबायोटिकची बाटली निघाली, तळाशी साका बसलेली. ती हलवून इरावती झाकणात ओतू लागली.

"कधीचं गं हे?"

"मागच्या महिन्यातलं. उरलं होतं."

"काय झालंय पोरीला?"

"सर्दीच आहे, सर. बहुतेक. पण... वाढली तर?"

बोलून झाल्यावर तिला आपलंच वाक्य ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलं होतं, ते मात्र पटकन आठवेना.

सरांनी हात पुढे केला.

"किल्ली दे."

तिने दिली. सुटल्यासारखंही वाटलं तिला, खोटं कशाला! आता सर बघून घेतील.

सरांनी बाटलीही घेतली, झाकणातलं औषध परत आत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. कढीपत्त्याला आधार दिलेली सुतळी सोडली, किल्ली त्या बाटलीच्या गळ्यात बांधली, आणि दोन्ही तिच्या हातात परत ठेवल्या.

इरावतीने बाटली उलटसुलट करून पाहिली. ही शाबासकी, की चपराक?

"सर, म्हणजे... उद्या बैठकीत हे ठेवू? आणि बोलू काय?"

सर पुन्हा पानांकडे वळले होते.

"आधी पोरीचं नाक पूस."