तळहातावरचं संत्रं

"...हात गेला म्हणे त्या गावंड्यांच्या हर्षालीचा, आता ती..."

एवढंच ऐकू आलं. गिरणी सुरू झाली आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

कालच तर पोरीला मैदानात बॉल टाकताना पाहिलं होतं! बेसबॉलमधलं मला फार कळत नाही; पण या मोसमात आमच्या जिल्ह्याचा एकही सामना हर्षालीने बॉल टाकल्याशिवाय झाला नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. उद्याचा टाकला की एका मोसमातले तिचे सामने तिला शिकवणाऱ्या बाबारावसरांच्या जुन्या विक्रमापेक्षाही जास्त होणार होते.

संध्याकाळी ती बाबारावसरांच्या अंगणात दिसली. सर आमचे शेजारी. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले. कपडे सकाळीच वाळले होते, ते जाऊ द्या.

"उद्या मीच टाकणार ना सर?"

सरांनी डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला. तिनेही डाव्यानेच घेतला.

"उजव्याला काय झालं?"

"कुठं काय... तुम्ही नाही का सगळं डाव्याने करत?"

सरांनी संत्र्यांची टोपली जवळ ओढली.

"खरं सांगा सर. तुमचा विक्रम मोडीन म्हणून भीती वाटते ना तुम्हाला?"

"वाटते," सर म्हणाले. "डोळे मीट. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कर."

तिने हसत केली. सरांनी टोपलीतलं संत्रं उचललं आणि त्या बोटांखाली धरलं.

"बॉलची शिवण कुठं आहे, सांग."

हर्षालीने बोटं फिरवली. मान ताठ करून म्हणाली, "आडवी. बरोबर बोटांखाली."

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

"उघड डोळे."

तिने उघडले... आणि पांढरीफटक पडली.

सरांनी संत्रं तिच्या मांडीवर ठेवलं.

"कधीपासून?"

"दोनच बोटं बधिर आहेत सर. दोनच! आधी सकाळपर्यंत जागी व्हायची..."

"आणि आता?"

"आज... झालीच नाहीत." तिने उजवी मूठ मिटली. "डॉक्टर म्हणतात, बॉलला हात लावू नको, म्हणजे येतील परत. पण मी एकदा बसले की माझ्या जागी ती दुसरी पोरगी उभी राहणार. मग मला कोण बोलावणार सर?"



मैदानात बॉल टाकणाऱ्या पिचरला थांबवायचं असलं की सर जवळ जाऊन नुसता तळहात पुढे करतात. पिचरने मुकाट्याने बॉल त्यावर ठेवायचा, अशी त्यांची रीत. हर्षालीपुढे तो तळहात या मोसमात कधी आलाच नव्हता.

आत्ता आला. डावा. उजवा नेहमीसारखा मांडीवर पडून होता. इतकी वर्षं मी सरांना डावखुरे समजत होते...

हर्षालीही त्या उजव्याकडेच बघत होती.

मग तिने संत्रं उचललं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं.

गिरणीतली बातमी अर्धीच खरी निघाली. पोरीची दोन बोटं. हात गेला होता तो दुसऱ्याचा.

"तुमचा तो शेवटचा सामना, सर... जिंकलात?"

"जिंकलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," सर म्हणाले. "मी सोडून."