गळकं मडकं

फार पूर्वी चंपावती नगरात महीसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्माला आले. मोठे झाल्यावर मडकी घडवू लागले आणि त्यातली काही मुद्दाम गळकी! लोक पोट धरून हसत. पण ते काय करत, ठाऊक आहे? घरामागच्या इवल्याशा बागेत पाण्याचे उथळ परळ मांडत, आत दगडांचा उतार रचत, म्हणजे पडलेलं पिल्लू आपलं आपण बाहेर येई. आणि वर फांदीला गळकं मडकं टांगत. टप टप आवाज झाला रे झाला की बुलबुल, खारी, मुंगसं, सगळे हजर!

एके वर्षी उन्हाळा कडक आला. बोधिसत्त्वांच्या विहिरीनं तळ गाठला. तेवढ्यात राजानं दवंडी पिटवली, ‘मी स्वतः बागा बघायला येतोय. जिथं सर्वांत जास्त पशुपक्षी दिसतील, तिथं कालव्याचा पाट वळवू.’

बोधिसत्त्वांची बायको रेवा नाचायचीच काय ती बाकी राहिली. “अहो, पाट आपलाच! पाण्याची ददात मिटली!”

शेजारच्या धनपाल शेटनं मात्र मोर आणि हंस विकत आणले आणि पाय बांधून बागेत बसवले.

ठरल्या दिवशी ढोल वाजवत राजा आला. बघतो तर काय, बोधिसत्त्व फाटक अडवून हात जोडून उभे!

“महाराज, जरा थांबावं. ढोलही थांबवावेत. कुंपणातून हरिणी आत आलीय, पाडसासकट. पाणी पितेय.”

“मग उघड की! तेच तर बघायला आलोय,” राजा म्हणाला.

“उघडलं तर तहानलेलीच पळेल. आसपास दुसरीकडे पाणी उरलेलं नाही.”

रेवानं कपाळावर हात मारला. “अहो, पाट हातचा जाईल!”

“जाऊ दे. पाट मागत होतो तो हिच्यासाठीच ना?”

राजा संतापानं लाल झाला. त्याला आजवर कुणी थांबवलं होतं? पण ढोल गप्प झाले, आतून पाणी पिण्याचा चुटचुट आवाज आला आणि तो तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळानं कुंपण सळसळलं. फाटक उघडलं, तर बाग रिकामी! हरिणी निघून गेली होती, आणि पाखरं ढोलांनी आधीच उडाली होती.

राजाचा शब्द तो शब्द. पाट धनपालाकडे गेला. रेवा रडली, दिवसभर जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फाटकाशी कुणीतरी आलं. ढोल नाही, छत्र नाही. खांद्यावर भरलेली घागर घेऊन खुद्द महीसेन! रेवाला बघून तो हळूच म्हणाला, “आत कुणी पीत असेल, तर थांबतो.”

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे मघाशी दारात चिमणी पाहून पाऊल मागे घेणारा हा भिक्षू भद्रक. रेवा म्हणजे आजची उपासिका नीलमती. धनपाल कुठं आहे, विचारू नका. तो अजून पक्षी बांधतोच आहे! कुंभार मी होतो. आपल्या लाभापायी कुणाचा घोट मोडू नये, या पारमितेचं, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या सद्गुणाचं, नाव मैत्री.”