गडावरचं गडावरच

एका वाडीत एक भोळा वाटाड्या होता. त्याचं नाव हैबती. नाव ऐकून माणसानं दचकावं, पण हा असा की दारातल्या कुत्र्यालासुद्धा "जरा सरकतोस का?" म्हणून विचारायचा. सांगितलेलं काम तो कधी विसरत नसे. विसरला असता तर बरं झालं असतं.

वाडीच्या डोक्यावर साळिंदरगड होता. वर जायला वाट एकच, बाकी तिन्ही बाजूंना सरळ कडे. वाट मुरमाची, खडीची, वळणावळणाची. अलीकडे तिच्यावरून शहरातले सायकलवाले येऊ लागले होते. खाली चांगला डांबरी रस्ता होता. तो सोडून हे लोक मुद्दाम खडीत शिरत, घामाघूम होत आणि म्हणत, "काय सुंदर रस्ता आहे!" वाडीनं कित्येक वर्षं सरकारदरबारी डोकं फोडून तो डांबरी रस्ता मिळवला होता. वाडीला हे ऐकून वाईटच वाटायचं.

हैबतीला वाढवलं त्याच्या आत्यानं. भागूआत्याला माणसं जेवू घालायची भारी हौस. पण नवरा गेल्यापासून घरात दोनच माणसं, आणि मोठी पातेली माळ्यावर पडून. एके दिवशी सायकलवाल्यांच्या पुढारी श्रोत्री मॅडम तिच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, थंडीभर दर रविवारी आम्ही निघतो. गडाची वाट लोकांना आवडली तर इकडूनच येऊ, जेवण तुमच्याकडे. नाही आवडली तर डोंगरापलीकडे उंबरखोऱ्यातून जाऊ."

आत्यानं त्याच दिवशी पातेली खाली काढली. घासून उन्हात पालथी घातली. वाटाड्या म्हणून हैबतीला नेमलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

"हे बघ हैबत्या," ती म्हणाली, "ही मान्सं जुनं बघाया येत्यात. वाटंत जे जे जुनं आसंल ते सगळं दाव. काय सोडू नगंस."

"न्हाई सोडत," हैबती म्हणाला.

पहिल्या रविवारी त्यानं सायकलवाल्यांना आधी पारूआजीच्या दारात उभं केलं. "ही आमच्या वाडीतली सगळ्यात जुनी," तो म्हणाला. पारूआजीनं सगळ्यांना मशेरी देऊ केली. मग त्यानं आपल्या आज्याचा जोडा दाखवला. मग सरपंचाची जीप. गडाच्या मोठ्या दरवाजापाशी आल्यावर मात्र म्हणाला, "आता डोळं मिटा."

"का हो?" श्रोत्री मॅडमनी विचारलं.

"हितं सागवानी दार बसवलंय. ते नवं हाय."

सगळे डोळे मिटून, सायकली हातात धरून, एकमेकांना धडकत आत गेले. वरच्या भिंतीवरची नक्षी कुणीच पाहिली नाही.

संध्याकाळी आत्यानं कपाळाला हात लावला. "आरं शान्या! पडकं आसतं ते दावायचं. जे पडलंय, मोडलंय, त्याच्याम्होरं थांबायचं. हात जोडायचं. म्हनायचं, हे पूर्वी फार देखणं होतं, आता याला कुनी हात लावू नका."

"आसं व्हय," हैबती म्हणाला. "आधी सांगायचंस की."

पुढच्या रविवारी उतारावर देशमाने नावाच्या गृहस्थांचं चाक खडीवरून घसरलं आणि ते सायकलीसकट आडवे झाले. गुडघा फुटला. लोक धावले. हैबती सगळ्यांच्या आधी पोचला. थांबला. हात जोडले.

"हे पूर्वी फार देखणं होतं," तो म्हणाला. "आता याला कुनी हात लावू नका."

लोक थांबले. कुणी फोटोही काढला. देशमान्यांची बायको मागून आली, तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. "होते खरे," ती म्हणाली. "पण आता उचला त्यांना."

आत्यानं त्या दिवशी पातेली परत माळ्यावर टाकायला काढली होती. मग जीव राहवेना, म्हणून पुन्हा हैबतीला समोर बसवलं. "पडलेलं दिसलं की आधी उचलावं. धूळ झटकावी. हळद लावावी. आनि हळू घरला आनून निजवावं. एवढं कळत न्हाई?"

"आता कळलं," हैबती म्हणाला. खिशात हळदीची पुडी घालूनच तो पुढच्या रविवारी निघाला.

त्या दिवशी कुणीच पडलं नाही. हैबती जरा हिरमुसला. पण गडाच्या दरवाजाबाहेर सिंह कोरलेला एक दगड पडला होता. केव्हाचा पडला होता, गवतात तोंड खुपसून. हैबतीला भरून आलं. त्यानं त्याची धूळ झटकली. सिंहाचं नाक उडालं होतं, तिथं हळद दाबली. मग एका सायकलवाल्याची सायकल मागून घेतली, तिच्यावर दगड आडवा घातला आणि त्याला धरून धरून खाली नेला.

इकडे सायकलवाले भर उन्हात वाटाड्याची वाट पाहत बसले. कंटाळून आपापले उतरायला गेले आणि करवंदीच्या जाळीत शिरले. ओरबाडलेल्या हातांनी श्रोत्री मॅडम आत्याच्या दारात आल्या. आत खाटेवर दगड निजला होता. अंगावर आत्याची ठेवणीतली चादर. पारूआजीनं उशाशी नारळ फोडला होता.

"मावशी," श्रोत्री मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या रविवारी शेवटचं. त्यानंतर आम्ही उंबरखोऱ्यातून."

त्या गेल्यावर आत्या रडली. हैबतीनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. त्यालाही रडू आलं.

"गडावरचं गडावरच ऱ्हाऊ द्यावं रं," ती डोळे पुसत म्हणाली. "खाली काय बी आनायचं न्हाई. ज्याची जागा जितं, ते तितंच शोभतं. घरचं घरात, गडावरचं गडावर. हे तरी ध्यानात ठेव!"

"ठेवलं," हैबती म्हणाला. त्यानं दगड पाठीवर घेऊन गडावर नेऊन ठेवला.

शेवटचा रविवार आला. आत्या पहाटेपासून चुलीशी होती. पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, आणि गोड म्हणून लापशी. हैबती सायकलवाल्यांना घेऊन निघाला. त्यानं पारूआजीला दाखवलं नाही. कुणाच्या नवऱ्याला हात जोडले नाहीत. गडावर गेल्यावर सगळ्यांनी तटबंदी पाहिली, कोरडं टाकं पाहिलं, भरपूर फोटो काढले. श्रोत्री मॅडम खुशीत म्हणाल्या, "चला, आता खाली. भूक लागली."

हैबती दरवाजात बसला होता. सागवानी दाराला आतून साखळी, साखळीला कुलूप.

"खाली जायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमी आता गडावरचं."

लोक हसले. मग ओरडले. मग एकेक करून तटाच्या सावलीत बसले, कारण तेवढंच हातात होतं. फोन लावून पाहिले, पण गडावर फोन लागत नसे.

खाली आत्या अंगणात पानं मांडून बसली होती. ऊन डोक्यावर आलं, पिठल्यावर साय धरली, कुणी येईना. शेवटी तिनं वाडी गोळा केली. "त्यास्नी भूक लागली आसंल. चला, वरच न्यूया." बाहेर पडताना दाराचं कुलूप काही सापडलं नाही, तशीच निघाली. बायांनी पातेली डोक्यावर घेतली, बाप्यांनी हंडे उचलले. पारूआजीला कुणीतरी पाठुंगळीला मारलं. खाली राहिल्या कोंबड्या.

हैबतीनं सगळ्यांना आत घेतलं. वर यायला कुणाची मनाई नव्हती. शेवटचा माणूस आला तसं त्यानं कुलूप पुन्हा लावलं.

मग काय पंगत बसली म्हणता! पडक्या सदरेवर, वाऱ्यात, समोर सगळा डोंगर पसरलेला. देशमान्यांनी पिठलं परत परत मागून घेतलं. श्रोत्री मॅडम बोटं चाटत म्हणाल्या, "मावशी, ठरलं. थंडीभर इथूनच. आणि जेवण असंच, गडावर! ही कल्पना कुणाची?"

"माज्या हैबत्याची," आत्या म्हणाली. तिला गहिवरून आलं. तिनं सगळ्यांदेखत त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. इतकी वर्षं जी पातेली माळ्यावर होती ती रिकामी झाली होती, आणि पोरगं शहाणं झालं होतं. तिला आणखी काही नको होतं.

भांडी विसळून झाली. सायकली उभ्या राहिल्या. आत्या म्हणाली, "हैबत्या, काढ कुलूप."

"किल्ली न्हाई."

"कुटं ग्येली?"

"आत्या, कुलूप आपल्या घरचं. किल्ली बी घरची. घरचं घरात, तूच म्हनालीस न्हवं? गडावर कशी ठिवायची?" हैबतीनं कड्याकडे बोट दाखवलं. "मघाशी हितनं खाली भिरकावली. नीट आपल्या अंगनाच्या दिशेनं."

सगळे कड्यापाशी येऊन वाकून पाहू लागले. खूप खाली आत्याचं अंगण दिसत होतं. त्यात कोंबड्या हिंडत होत्या.

"आन् कुलूप?" आत्यानं रडकुंडीला येऊन विचारलं. "ते बी घरचंच की रं!"

हैबतीनं कुलपाकडे पाहिलं. ही चूक त्याच्या लक्षात आली नव्हती. त्याचा चेहरा पडला. तो आत्याजवळ आला आणि तिची समजूत घालत म्हणाला, "रडू नगंस आत्या. दार उघडलं की आधी ते घरला पोचवतो."