साळुंकी आणि धुळीतले दगड

खूप खूप मागे, जेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, तेव्हा एका डोंगरावर तांबं निघायचं. निघायचं म्हणजे काय, गाडीभर दगड कुटावेत तेव्हा कुठे वाटीभर तांबं! बायाबाप्ये दगड कुटून कुटून मेटाकुटीला यायचे.

त्या डोंगरावरच्या गावात एक साळुंकी होती. नजर अशी तीक्ष्ण, की दगडातली तांब्याची केसाएवढी हिरवी रेघही तिला दिसायची. ती म्हणाली, "अगं बायांनो, सगळं कशाला कुटता? दगड धुऊन माझ्यासमोरून न्या. मी 'फोल' म्हटलं की टाका दरीत. उरतील तेवढेच कुटा."

तसंच झालं. कुटणं निम्म्यावर आलं, तांबं मात्र तेवढंच राहिलं. मग काय विचारता! साळुंकीबाईंची मान ताठ झाली.

पुढे कोरडं वर्ष आलं. प्यायलाच पाणी पुरेना, तिथे दगड कोण धुणार? धुळीने माखलेलेच दगड साळुंकीसमोरून जाऊ लागले. तिला काही दिसेना. पण "मला कळत नाही" म्हणायची लाज वाटली. ती आपली ओरडतच राहिली, "फोल! फोल!"

कुटलेले दगड वितळवायच्या भट्टीत तांबं उतरेना. खाणीचा मुकादम म्हणाला, "डोंगर आटला. भट्टी विझवा, गाव उठवा."

भट्टी सांभाळणारी म्हातारी हमसून हमसून रडली. "सगळा जन्म इथं गेला रे माझा. आता या वयात कुठं जाऊ?"

साळुंकीला ते बघवेना. ती दरीत उडून गेली. तिथे एक शेळी फेकलेला दगड चाटत होती. धूळ निघाली आणि खाली हिरवी रेघ दिसली.

गप्प बसली असती, तर कुणालाही काही कळलं नसतं. डोंगरच आटला, त्यात तिचा काय दोष? पण तिकडे म्हातारी गाठोडं बांधत होती.

साळुंकी तडक मुकादमाकडे गेली. "डोंगर आटला नाही, दादा. मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. तुमचं तांबं दरीत पडलंय."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?" मुकादम कडाडला.

सगळं गाव दरीत उतरलं. टाकलेले दगड पाठीवरून पुन्हा वर आणताना माणसांची कंबर मोडली, साळुंकीने शिव्याही पोटभर खाल्ल्या. पण भट्टी पेटली, आणि म्हातारी भट्टीशेजारीच राहिली.

तेव्हापासून साळुंकीसमोर तीन ढीग पडू लागले. एक कुटायचा, एक टाकायचा, आणि एक तिला न कळलेला. त्या तिसऱ्या ढिगातले दगड ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तिच्यासमोर ठेवत.

तात्पर्य: दिसत नसताना निवाडा करू नये, "मला दिसत नाही" एवढं वेळेवर सांगावं.