खिंडीतलं एफीचं दार

ब्रॉडरिगच्या खिंडीत एक दार उभं आहे. नुसतं दार. भिंत नाही, छप्पर नाही, आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. स्कॉटलंडच्या दक्षिण भागात कुणालाही विचारा, ‘एफीचं घर’ म्हणून हेच दाखवतील.

त्याचं असं सांगतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथला शेतगडी वर्षाच्या बोलीवर राहायचा. मे महिन्यात मालकाने ‘राहा’ म्हटलं तर राहायचं, नाहीतर बिऱ्हाड गाड्यावर. मालक द्यायचा त्या घराला भिंती आणि छप्पर. खिडकी, चुलीची जाळी, कपाटासारखे बंद पलंग गड्याने आपले आणायचे. ॲडम नांगऱ्याच्या बायकोने, एफीने, अकरा वर्षांत अकरा घरांना खिडकी बसवली म्हणे. खिडकी एकच. एका मालकाने तर दारही दिलं नाही, तेव्हापासून दारही सोबत.

बाराव्या वर्षी बिऱ्हाड हलवताना या खिंडीत त्यांची गाय बसली. पुढे गाय, मागे गाडा, गाड्यावर पलंग, पलंगात सासू. ॲडमने गाय ओढली, ढकलली, शेवटी समजावून पाहिली.

“उठत नाही गं ही.”

“माझ्यापेक्षा तिला अक्कल जास्त,” एफी म्हणाली. “सामान उतरव. आता इथून हलायचं नाही.”

“अगं, ही प्रिंगल मालकाची जमीन!”

“मग येऊन काढू दे त्याला.”

“माझं तोंड उन्हाकडे करा!” सासू पलंगातून ओरडली.

इकडे जुना समज होता, की चूल पेटली आणि जमिनीच्या मालकाने स्वतः ‘हे घर’ असं मानलं, की मग त्याच्या बापालाही ते मोडता येत नाही. पण मानतो कोण? तरी एफीने दोन पलंग दोन बाजूंना लावले, वर ताडपत्री टाकली, मध्ये खिडकी टांगली. पुढे दार उभं केलं. चौथ्या बाजूला काहीच उरलं नाही, तिथे गाय होती. दुपारपर्यंत लापशी रटरटायला लागली.

धूर बघून प्रिंगल आला, लालबुंद होऊन. साक्षीला पाद्रीबुवांना घेऊन आला. दाराच्या दोन्ही बाजूंनी त्याला चूल, ॲडम, गाय, सगळं दिसत होतं. पण माणूस खानदानी, आईच्या धाकात वाढलेला. तो थेट दारापाशी आला, बूट पुसले, आणि दार ठोठावलं.

ॲडम बोलणार, तोच एफीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. अकरा वर्षं तिने मालकांच्या ‘राहा’ म्हणण्याची वाट पाहिली होती. तिने लापशी ढवळली. प्रिंगलने पुन्हा ठोठावलं.

“कोण आहे?” त्याच्याकडे बघतच तिने विचारलं.

“मी प्रिंगल. आत येऊ का?”

पाद्रीबुवांनी टोपी काढली. “संपलं, मालक. माळरानात कुणी परवानगी मागत नाही. तुम्ही घर मानलंत.”

“आज नको,” एफी म्हणाली. “सासूबाई झोपल्यात.”

प्रिंगल आल्या वाटेने परत गेला. एफी त्या जागी चाळीस वर्षं राहिली म्हणे, आणि खिडकी पुन्हा कधी उतरवली नाही.

आजही मे महिन्यात त्या दिवशी प्रिंगल घराण्यातला थोरला इथे येतो, बूट पुसतो, दार ठोठावतो आणि विचारतो, “आत येऊ का?” पलीकडे गावातली एखादी बाई स्टूल टाकून बसलेली असते. ती सावकाश चहा संपवते आणि म्हणते, “आज नको.” मग गावभर जेवणं होतात. दीडशे वर्षांत एकालाही आत घेतलेलं नाही.