पळवलेली देवी

या, आत या. चपला दाराशीच राहू द्यात, पण खांद्यावरच्या पिशव्या काढू नका. का ते पुढे कळेल. आणि एक काम आधी करा. ह्या काकू मघाशी पायऱ्या चढताना गुडघ्याला हात लावत होत्या, मी पाहिलं. तुम्ही, लाल शर्टवाले साहेब, गरज पडली तर काकूंचा हात तुम्ही धरायचा. ठरलं? आमच्या गावात पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी एवढं ठरवून टाकतात.

मी भागोजी गुरव. ह्या देवळाची पूजा आमच्या घराकडे. देवीचं दर्शन घेतलंत ना? मग तुमच्या लक्षात आलं असेल की तिच्या पाठीला काथ्याचे दोन पट्टे बांधलेले आहेत, शाळेच्या दप्तराला असतात तसे. बाहेरून येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. देवीला पट्टे कशाला? आणि देवळामागून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाथ्यावर, जाणाऱ्या त्या पायऱ्या, तिघं जण शेजारी शेजारी चालतील एवढ्या रुंद कशाला? आणि दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर कमरेएवढा एकेक दगड का रोवलाय? सांगतो. बसा. मी जरा देवीकडे पाठ करून बसतो, ती रागावत नाही.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका, माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा देवीला पट्टे नव्हते. ती गाभाऱ्यात पक्की बसलेली, आणि गाव तिच्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नसे. कौल तुम्हाला ठाऊक असेल. मूर्तीच्या अंगाला फुलाच्या कळ्या पाण्याने चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पेरणी, सोयरीक, होडी पाण्यात लोटणं, सगळं कौल लावून. इतकं की कुणाची म्हैस विकायची तरी देवीला त्रास!

तेव्हाचे गुरव रावजी. त्यांचे पाय वाऱ्याने गेलेले, देवळामागच्या पडवीत खाटेवर पडून असत. पूजा मुलगा करी. पण रावजींचं सगळं करायची ती सून, तिचं नाव आवडी. तिला आई नव्हती. सासऱ्यानेच तिला भात शिजवण्यापासून आरतीपर्यंत सगळं शिकवलं होतं, आणि ती त्यांना बापापेक्षा जास्त मानायची असं सांगतात. तिच्या हातचं असल्याशिवाय ते पाणीही पीत नसत म्हणे.

कार्तिक महिना होता. भात कापून खळ्यात आलेलं. भर दुपारी वारा पडला आणि खाडीचं पाणी मागे जायला लागलं. ओहोटी असते त्याच्या कितीतरी पलीकडे. ज्या चिखलावर कधी ऊन पडलं नव्हतं तो उघडा पडला. खेकडे बिळं सोडून घरांच्या भिंतींवर चढू लागले. पोरंटोरं टोपल्या घेऊन मासे वेचायला धावली, गावाला वाटलं आज काय चंगळ आहे!

एकाच माणसाला ते बरं दिसलं नाही. खालच्या मोहल्ल्यातला दाऊद नाखवा. जन्म सगळा समुद्रावर गेलेला. तो चिखल तुडवत देवळात आला आणि गावच्या प्रमुखाला, म्हणजे गावकारांना, म्हणाला, "गावकारांनू, खाडी मागे गेली हा, ती परत येतली. पोरां, म्हातारी घेवन सड्यार चला."

गावकार वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, "देवी हलल्याशिवाय गाव हलाचो नाय." आणि देवी हलवायची तर कौल हवा. म्हणून कौल लावला. सगळं गाव सभामंडपात हात जोडून उभं. मोहल्ल्यातलेही बाहेर येऊन थांबले, कारण शेजाऱ्यांना टाकून वर जाणं त्यांच्या जिवावर आलं.

आता चूक बघा, आणि ही चूक आमच्याच गावाला जमावी. कळी पडते ती वाळली की. आणि त्या दिवशी हवा इतकी दमट की दोरीवरचं फडकं वाळेना. उजवी पडेना, डावी पडेना. गुरवाचा मुलगा गाऱ्हाण्यावर गाऱ्हाणं घालतोय, गावकार घाम पुसतोय, आणि लांब आभाळाच्या कडेला समुद्र काळा होत चाललाय. तरी कुणी हलेना! ऐकून हसू येतं ना? मला लहानपणी यायचं. आता राग येतो. एवढी पोरं होती हो त्या मंडपात.

आवडी पडवीत गेली. सासऱ्याला पाठीवर घेऊन वर न्यायचं असं तिने ठरवलं होतं, पदरही खोचला होता. पण रावजींनी हात मागे घेतला. म्हणाले, "माका उचललंस तर मी एकटो वाचतलंय. देवीक उचल. गाव मागसून येतलो."

ती बराच वेळ नाही नाही म्हणत राहिली असं सांगतात. मूर्ती पंचधातूची, वजनाला भरलेल्या घागरीएवढी. दोन्ही न्यायला तिला पाठ एकच होती. शेवटी रावजी तिच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. मग ती उठली.

सुनेने गाभाऱ्यात जायचं नाही असा तेव्हा नियम. ती गर्दीतून वाट काढत सरळ आत शिरली, नवऱ्याला बाजूला ढकललं, देवी उचलली, पदराने पाठीला बांधली आणि मागच्या दाराने सुटली! कळ्या तशाच चिकटलेल्या. गाव नुसतं आ वासून उभं. आणि तेवढ्यात पडवीतून रावजींची हाक आली, आख्खं गाव हादरेल अशी. "देवी पळवली रे! धावा!"

मग काय विचारता! काठ्या घेऊन, कोयते घेऊन गाव तिच्या मागे लागलं. बायका पोरांना काखोटीला मारून धावल्या. तेव्हा पायऱ्या नव्हत्या, नुसता जांभ्या दगडाचा खडा चढ. पुढे आवडी, मागे सगळं गाव शिव्या देत. आणि खालून म्हाताऱ्याची हाक थांबत नव्हती. कुणाचा पाय जरा मंदावला की पुन्हा, "देवी पळवली रे! धावा!" जी माणसं विनवून हलली नव्हती ती रागाने सड्यावर पोचली.

एकटा दाऊद अर्ध्या चढावर उमजला. तो मागे फिरला. एक बाळंतीण आणली, मग एका आंधळ्या आजोबांना पाठीवर घालून आणलं. तिसऱ्यांदा रावजींसाठी उतरत होता तेव्हा पाणी आलं, त्याला अर्ध्यावरूनच परतावं लागलं.

आवडीने चढताना एकदाही मागे पाहिलं नव्हतं. हाक ऐकू येत होती तोवर सासरा आहे, एवढं तिला पुरत होतं. ती सड्यावर पोचली आणि हाक थांबली. तेव्हा ती वळली. गावकाराने काठी उगारलेली होती, पण ती वळून कुठे बघते आहे ते पाहायला तोही वळला. खाली गाव नव्हतं. देवळाचा कळस तेवढा पाण्यावर होता.

आणि तेव्हा, सगळे वर आल्यावर, देवीच्या अंगावरची उजवी कळी पडली म्हणे. आवडी तिच्याकडे बघून ओरडली, "आता देतंस कौल? आता?" आणि धाय मोकलून रडली. देवीला असं कुणी बोललेलं गावाने कधी ऐकलं नव्हतं. पण कुणी तिला गप्प म्हटलं नाही.

तीन दिवस पाणी उतरलं नाही. तीन दिवस आवडीने देवी पाठीवरून सोडली नाही. गावकार पाया पडला तेव्हा म्हणाली, आधी शपथ घ्या. जीव वाचवायला ह्यापुढे कौल लावायचा नाही. आणि कोण कुणाला पाठीवर घेणार ते संकट यायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे, घरोघर. गावाने देवीवर हात ठेवला, मोहल्ल्याने अल्लाची आण घेतली.

तेव्हापासूनची रीत. आजही कार्तिकात एके दिवशी गुरवाची सून ते पट्टे खांद्यात अडकवून देवी पळवते. कुठल्या दिवशी ते नवऱ्यालाही सांगत नाही. रिकामी जागा ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने हाक द्यायची, मशिदीच्या भोंग्यावरून तीच हाक पुढे जाते, आणि चुलीवरचं चुलीवर टाकून गाव निघतं. दाराशी गाठोडं तयार असतंच: तांदूळ, मीठ, काडेपेटी, औषधं, कागदपत्रं. वर सड्यावरच्या मंडपात पाण्याची पिंपं देवळाने भरून ठेवायची, भांडी मोहल्ल्याची. गाठोडं विसरेल त्याने ती भांडी घासायची, मग तो सरपंच का असेना. सगळ्यात आधी पोचणाऱ्याचं कौतुक नाही हं आमच्याकडे. आरतीचा मान शेवटी येणाऱ्याला, कारण तो कुणालातरी घेऊन आलेला असतो. पायऱ्या रुंद त्या पाठीवर माणूस घेतलेल्याला गर्दीतही वाट मिळावी म्हणून, आणि ते रोवलेले दगड पाठीवरचं माणूस क्षणभर टेकवायला. आणि प्रत्येक दारावर नाव रंगवलंय, त्या घरातल्या म्हाताऱ्याला कोण उचलणार त्याचं. माझे गुडघे गेले आहेत. माझ्या दारावर मुनीर नाखव्याचं नाव आहे, दाऊदच्याच घराण्यातला, तो बघा समोर जाळं शिवतोय.

आणि एक. पाठीवर जो बसेल त्याने सड्यावर पोचेपर्यंत हाक द्यायची, मध्ये थांबायचं नाही. रावजींची हाक अर्धवट राहिली ना. ती आम्ही दरवर्षी वर नेतो.

तुम्ही सगळे माझ्या खांद्यावरून मागे काय बघताय? हसताय का? मघाशी चहा देऊन गेली ती माझी सून, तिने तोंडावर बोट ठेवून... थांबा, मला वळू द्या.

अरेच्चा! जागा रिकामी!

मुनीर! टाक ते जाळं, ये लवकर! पाहुणे, पिशव्या आहेत ना खांद्यावर? लाल शर्टवाले साहेब, काकू! काकूंना धरा! वाक रे मुनीर, हां, बसलो. चल!

देवी पळवली रे! धावा!